गाडी येईपर्यंत थाळी वाजवायची नाही

वाजवायला बंदी आली ती वाजतगाजतच आली. गावचा हलगीवाला चावडीपासून वेशीपर्यंत हलगी बडवत फिरला. दर चौकात थांबून ओरडला, की आजपासून नगारा, ढोल, संबळ, शिंग, झांज, घंटा, थाळी, काहीही अमीनसाहेबांच्या, म्हणजे फौजदाराच्या, इजाजतीशिवाय वाजवायचं नाही. वाजवील त्याला चावडीत नेऊन बसवतील. आम्ही पोरी त्याच्या मागं मागं होतो. वेशीपाशी पोचल्यावर मागून चालत आलेल्या जमादारानं त्याची हलगीच काढून घेतली. आम्हाला हसू आलं. मग हलगीवाल्याचं तोंड दिसलं आणि आम्ही घरी निघून आलो.

निजामाच्या राज्याचं ते शेवटचं वर्ष. शेवटचं आहे हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं म्हणा. मी अकरा-बारा वर्षांची असेन. आमचं गाव पिंगळी स्टेशनाच्या पलीकडं, गाडीची शिट्टी ऐकू येईल इतकं जवळ. आम्ही गुरव. महादेवाची पूजा, देवळाची झाडलोट आणि सकाळ-संध्याकाळ नगारा, हे आमच्या घराकडं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. गावात लग्न असो, पोळा असो, कुणी गेलेलं असो, माझ्या वडिलांवाचून, अण्णांवाचून पान हलत नसे. बोलायचे मात्र फार थोडं. माय म्हणायची, "ह्यांचं तोंड हातात हाय."

दवंडीच्या दुसऱ्या दिवशी जमादार देवळात आला. दोन माणसांकडून नगारा उचलून त्यानं चावडीत नेला आणि आढ्याला टांगला. नगाऱ्याची टिपरी तेवढी अण्णांनी आधीच धोतरात लपवून घरी आणली होती, ती माळवदाच्या लाकडांत खुपसून ठेवली. देवळातली घंटा काढता येईना, म्हणून जमादारानं तिच्या लोलकाला चिंध्या बांधायला लावल्या, आणि ते काम अण्णांनाच दिलं. मी खाली उभी राहून त्यांना चिंध्या देत होते. एकच गाठ त्यांनी तीनदा सोडून पुन्हा बांधली. अण्णासुद्धा भितात हे मला त्या दिवशी कळलं, आणि तेव्हापासून मी दुप्पट भ्यायला लागले.

बंदी कशासाठी आली हे लहान पोरांनाही माहीत होतं. त्या दिवसांत टोळ्या करून गावं लुटत फिरणारे लोक होते. त्यांचं नाव आमच्याकडं कुणी मोठ्यानं घेत नसे, 'ते' एवढंच म्हणायचे, आणि ते म्हणतानाही आधी दाराकडं बघायचे. कुठल्याशा गावात 'ते' यायच्या आधीच नगारा वाजला, माणसं सावध झाली आणि त्यांना हात हलवत परत जावं लागलं, अशी बातमी आली होती. त्यानंतर आमच्याकडं ही दवंडी.

नगारा गेला, पण भीती थोडीच चावडीत जमा झाली होती. गावातल्या जाणत्यांनी आपसात ठरवलं, की ज्याला 'ते' येताना दिसतील त्यानं घरातली जेवायची थाळी घ्यायची आणि जीव खाऊन बडवायची. थाळी घरोघर असते, ती कुणाकुणाची जप्त करणार? थाळी वाजली, की बायका-पोरांनी ओढा ओलांडून ज्वारीच्या रानात शिरायचं आणि गड्यांनी माळवदांवर रचून ठेवलेल्या दगडांपाशी जायचं. कुणी कुणाचा हात धरायचा हेही ठरलं. आम्ही पोरी तेव्हापासून परकर खोचूनच वावरायचो. जेवताना ताटावर वाटी आपटली तरी माय माझ्याकडं असं बघायची, की घास तोंडातच राहायचा.

हळूहळू बंदी हुकमाबाहेर वाढत गेली. हुकमात उखळाचं नाव नव्हतं, जात्यावरच्या ओव्यांचं नव्हतं, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचंही नव्हतं. तरी बायका दळताना गप्प बसायला लागल्या आणि गड्यांनी घुंगरं सोडून शिंकाळ्यात टाकली. मोठ्यानं शिंकायचीसुद्धा चोरी. गाडीला तेवढी कुणाची इजाजत लागत नव्हती. ती सकाळी एकदा आणि दिवस मावळायच्या आधी एकदा धडधडत जायची. आवाज जवळ आला, की सगळं गाव कामाला लागायचं. माय उखळात मिरच्या कांडून घ्यायची. शेजारची म्हातारी काकू, जिला फारसं दिसत नव्हतं, ती आपल्या सुनेला मनसोक्त शिव्या देऊन घ्यायची. शेवटचा डबा गेला, की मुसळ जागच्या जागी थांबायचं आणि काकूची शिवी अर्धीच राहायची. आज हे सांगताना मला हसू येतं. तेव्हा कुणी हसत नव्हतं.

अशात माझी थोरली बहीण, अक्का, बाळंतपणाला माहेरी आली. तिचं हे दुसरं. पहिलं सासरी झालं होतं. पूर्ण दिवसांचं मूल, पण ते रडलंच नाही. दिवस मावळायच्या आत पुरून आले. आमच्याकडं मूल जन्मलं, की थाळी वाजवतात. ते रडत असेल तर आनंदाची म्हणून, आणि रडत नसेल तर त्यानं दचकून श्वास घ्यावा म्हणून. सासरी त्या वेळी घरात सुतक होतं, म्हणून कुणी थाळीला हात लावला नाही. थाळी वाजली असती तर आपलं मूल जगलं असतं, असं अक्काच्या मनानं घेतलं होतं. ते खरं की खोटं, मला सांगता येणार नाही. पण आल्या आल्या, पाण्याचा तांब्या हातात घ्यायच्या आधी, तिनं मायला विचारलं, "थाळी वाजिवशाल ना गं?"

मायनं अण्णांकडं बघितलं. अण्णांनी खाली बघितलं.

दोन-चार दिवस गेले आणि अण्णा चावडीत जाऊन इजाजत मागून आले. म्हणजे मागायला गेले आणि आले. मी त्यांच्याबरोबर होते. जमादार बाजेवर बसून पान लावत होता. वर आढ्याला आमचा नगारा. अण्णांनी हात जोडून सांगितलं, की लेकीचं बाळंतपण आहे, दोन ठोके वाजवू द्या.

"कब होने वाला है? दिन बोलो, टैम बोलो. अमीनसाब को पूछना पडता."

"बाळंतपणाचा टैम कसा सांगावा, साहेब?"

"तो फिर इजाजत कैसी देऊं?"

तो चेष्टा करत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली. घरी आल्यावर अण्णांनी तोडगा काढला. थाळी वाजवायची, पण गाडीच्या आवाजात. गाडी धडधडत असली, की ना चावडीत ऐकू जाईल, ना गाव उठून पळेल. माय चुलीपुढून म्हणाली, "मंग पोटातल्या लेकराला तेवढं सांगून ठिवा म्हनावं, गाडीच्या टैमाला ये." अक्का हसली नाही. ती त्या दिवसापासून गाडीची वाट बघायला लागली. सकाळची गेली, की संध्याकाळच्या गाडीची. मध्ये पोटात जरा कळ आली, की तिचा चेहरा पांढरा पडायचा.

श्रावणात तिचं पोट दुखायला लागलं ते भर दुपारी. बाहेर पावसाची झड लागलेली, ओढा दोन्ही काठांना टेकून वाहत होता. मायनं मला न्हाव्याच्या घरच्या सुईणकाकूला आणायला पिटाळलं. सुईणकाकू आल्या, दार लोटलं, आणि मायनं पहिलं काम काय केलं तर लुगड्याचा बोळा अक्काच्या तोंडात दिला. बाळंतिणीच्या ओरडण्याला काही बंदी नव्हती. पण कुणाला धीर होता? मी कोपऱ्यात पाणी तापवत होते. अक्काचे डोळे एवढे मोठे झालेले मी कधी पाहिले नव्हते. आवाज नव्हता. बाजेची दोरी करकरायची तेवढीच.

दिवस कलला तेव्हा बाळ आलं. मुलगा. काळानिळा, ओल्या चिंधीसारखा लोंबता. रडला नाही.

सुईणकाकूंनी त्याला पायाला धरून उलटा केला, पाठ चोळली, तोंडात बोट घालून घाण काढली, तोंडावर फुंकर मारली. नाळेला लागून आलेली वार निखाऱ्याजवळ धरून शेकली, ऊब बाळापर्यंत जावी म्हणून. काही नाही. मग त्या म्हणाल्या, "थाळी आना."

मायनं आधी चोरटा उपाय केला. गोधडी डोक्यावरून घेतली, आत बाळाला घेतलं आणि थाळीवर बोटांनी टिचक्या मारल्या. भांडं घासताना होतो तेवढाही आवाज झाला नाही. बाळ हललं नाही. मायनं गोधडी फेकून दिली आणि पळी उचलली. तेवढ्यात दाराबाहेरून अण्णांचा आवाज आला.

"थांब. गाडीचा टैम झालाय. यीलच आता."

"लेकराला गाडी कळती व्हय, गुरवदादा?" सुईणकाकू म्हणाल्या. हात त्यांचे चोळतच होते.

"वाजली तर समदं गाव ओढ्यात उतरंल. बाया-पोरं हायती. पानी किती हाय ते बगितलं का तुमी?"

सगळ्यांचे कान गाडीकडं. मी रुळांच्या दिशेला तोंड करून उभी होते आणि मनात म्हणत होते, ये, ये, ये. पावसाचा आवाज येत होता. गाडी त्या दिवशी आलीच नाही. कुठंतरी रूळ उखडले होते असं नंतर कळलं. पण तेव्हा आम्हाला ते कुठलं माहीत. आम्ही वाट बघत होतो आणि बाळाचे ओठ जांभळे होत होते.

अक्कानं तोंडातला बोळा काढला. ती ओरडली नाही, रडलीही नाही. हळूच म्हणाली, "अण्णा, मागल्या टैमाला बी समदे असेच गप हुते."

दार उघडलं. बाळंतिणीच्या खोलीत गडी माणूस येत नाही. अण्णा आले. अक्काकडं त्यांनी बघितलं नाही. हात वर करून माळवदाच्या लाकडांतून टिपरी ओढली, मायच्या हातातली थाळी घेतली, बाळाच्या डोक्याशी गुडघ्यावर बसले आणि वाजवली. नगारा वाजवत तशी, खांद्यापासून. कित्येक महिन्यांत मी एवढा आवाज ऐकला नव्हता. मला माहीत होतं अण्णा का वाजवतायत, मी तिथंच उभी होते, तरी माझे पाय दाराकडं वळले. सवयच तशी लावलेली.

अण्णा थांबले तेव्हा बाळ रडत होतं. बारीक, चिडक्या आवाजात, थांबून थांबून. आणि बाहेर माणसं पळत होती.

"जा, पळ," अण्णा मला म्हणाले, "लोकायला सांग, काई न्हाई म्हनाव."

मी परकर खोचून गल्लीत धावले. "काई न्हाई, काई न्हाई, अक्का बाळंत झाली," असं बोंबलत. गुरवाची पोरगी ओरडत पळतेय म्हटल्यावर लोक आणखीच जोरात पळाले. माझं कोण ऐकून घेणार? पोरं काखेत, म्हाताऱ्या पाठीवर, एकीच्या हातात अर्धी थापलेली भाकरी तशीच. ओढ्याशी पोचले तेव्हा बायका कमरेएवढ्या पाण्यात उतरल्या होत्या. शेजारची काकू पाय घसरून पडली. तिच्या सुनेनं, जिला ती गाडीच्या आवाजात शिव्या द्यायची त्याच सुनेनं, केसांना धरून तिला वर ओढली. कुणी वाहून गेलं नाही हे देवाचे उपकार. मी काठावर उभी राहून ओरडत राहिले, घसा बसेपर्यंत, आणि मग एकेकीला ऐकू गेलं.

त्या परत आल्या त्या आमच्या दाराशीच. भिजलेल्या, चिखलानं माखलेल्या, आणि संतापलेल्या. कुणी म्हणालं, आमची लेकरं मेली असती म्हंजी? कुणी म्हणालं, आता खरी थाळी वाजली तर कोण पळंल? त्यांचं चूक नव्हतं. माय उंबऱ्यात उभी राहून नुसती ऐकत होती. मला वाटलं, या आता आत घुसतात. तेवढ्यात काकूला तिच्या सुनेनं धरून आणलं. उजवा हात मनगटातून वाकडा झालेला. बायका बाजूला झाल्या. काकूनं अंधूक डोळ्यांनी दाराचा अंदाज घेतला आणि विचारलं, "रडलं का?"

"रडलं," माय म्हणाली.

"मंग झालं," असं म्हणून काकू वळली आणि घरी गेली. बाकीच्याही मग एकेक करून गेल्या.

जमादार तोवर आलाच होता. गल्लीच्या तोंडाशी उभा राहून त्यानं परत निघालेल्या बायकांना विचारलं, "किसने बजाया?" इतक्या रागावलेल्या बायका, पण एकीनंही आमच्या दाराकडं बोट केलं नाही. अण्णा आपण होऊनच बाहेर आले. हातात थाळी तशीच होती. आतून बाळाचं रडू येत होतं, जमादारालाही ऐकू येत होतं. त्यानं आमच्या दाराकडं बघितलं. मला वाटलं, सोडील. त्यानं थाळी काढून घेतली आणि अण्णांना पुढं घालून नेलं.

पुढचे दिवस कसे काढले ते सांगायला नको. अक्काला पान्हा फुटेना. माय चावडीपर्यंत भाकरी घेऊन जायची आणि तशीच परत आणायची. बाळ रडलं, की आम्ही एकमेकींकडं बघायचो. त्याला गप्प करावं की रडू द्यावं, तेच समजेना. अण्णा तिसऱ्या दिवशी सकाळी चालत घरी आले. तळपाय सुजलेले, आणि उजव्या कानातून पाणी येत होतं. त्या कानानं त्यांना पुढं कधीच ऐकू आलं नाही. मायनं रडत त्याच्यावर गरम तेलाचा बोळा धरला. अण्णांनी बाळाला मांडीवर घेतलं, डाव्या कानाशी धरलं आणि म्हणाले, "ह्याच्यापुरता येक कान बास हाय."

भादव्यात एका दुपारी स्टेशनाकडून माणूस धावत आला. हिंदुस्थानचं लष्कर आलंय, निजामानं हात टेकले, असं त्यानं सांगितलं. चावडीत बघायला गेले तर जमादार केव्हाच पसार झालेला. गड्यांनी आढ्याचा नगारा सोडवला आणि डोक्यावर घेऊन देवळात आणला. पावसानं कातडं ढिलं पडलं होतं. ते विस्तवावर शेकलं. मी लोलकाच्या चिंध्या सोडल्या. अण्णा टिपरी घेऊन बसले. चेहरा इतका उजळलेला मी पुन्हा कधी पाहिला नाही. त्यांनी पहिला हात टाकला.

आणि गाव पळालं.

देवळाच्या ओट्यावरून सगळं दिसत होतं. दारं धडाधड उघडली, बायकांनी पोरं उचलली आणि ओढ्याची वाट धरली. ज्यांना बातमी कळली होती त्याही पळाल्या. सगळ्यांच्या पुढं अक्का होती. बाळंतपणातून नीट उठलीही नव्हती, पण बाळ छातीशी धरून अशी पळत होती, की मला ती दिसेनाशी झाली. अण्णांनी टिपरी खाली ठेवली. उठले, आम्हाला मागं घेऊन रानात गेले आणि ज्वारीच्या ताटांमधून हाका मारत फिरले, "मी हाय गं, मी वाजिवला, भिऊ नका, या." अक्का सापडायला दिवस मावळला. बाळाच्या तोंडावर तिनं हात दाबून धरला होता. तो हात सोडवायला अण्णांना तिची बोटं एकेक करून उचलावी लागली. बाळ रडलं तेव्हा आम्ही सगळे खाली बसलो.

त्यानंतर अण्णांनी आपलाच एक नियम केला आणि मरेपर्यंत पाळला. काहीही वाजवायचं असलं, की ते आधी गावभर दारोदार जायचे. कडी वाजवायची नाही, दारात उभं राहायचं आणि हळू आवाजात सांगायचं, "मी वाजवायलोय बरं का, भिऊ नका." मग देवळात जायचे. नव्या पोरांना ते वेड वाटायचं. जुन्या बायका मान हलवायच्या आणि हातातलं काम खाली ठेवून बसायच्या.

तेच बाळ मोठं होऊन नवरदेव झालं तेव्हा परभणीहून बँड आणला होता. अण्णा फार थकले होते, दोन्ही कानांनी बहिरे झाले होते, तरी काठी टेकत सगळ्या गल्लीला सांगून आले. शेवटी मांडवात येऊन त्यांनी अक्कालाही सांगितलं. ती म्हणाली, "व्हय अण्णा, कळलं." मी तिच्या शेजारीच उभी होते. बँडवाल्यानं ढोलावर पहिली थाप मारली आणि अक्कानं मुंडावळ्या बांधलेल्या पोराचं मनगट पकडलं. मांडव सोडून ती त्याला घेऊन ओढ्याच्या दिशेनं चालायलाही लागली होती. तो हसत तिच्या मागं गेला. मी धावत जाऊन तिचा हात धरला. तिची बोटं सोडवायला मलाही वेळ लागला.